दुर्बीण, बिबट्या आणि एक अर्ज

(पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुका शिवनेरी किल्ल्यामुळे सर्वांना माहीत आहे. याच तालुक्यात जगातील एक मोठी रेडिओ दुर्बीण आहे, आणि याच तालुक्यात उसाच्या शेतांत बिबटे राहतात. या दोन गोष्टींचा मुलींच्या शिक्षणाशी काय संबंध आहे, ते या पाठात सांगितले आहे.)



पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्याने तुम्ही कधी गेला आहात का? मंचर मागे पडते, नारायणगाव येते आणि पुढे आळेफाट्याच्या अलीकडे पिंपळवंडी हे गाव लागते. दोन्ही बाजूंना शेते. कुठे कांदा, कुठे टोमॅटो, कुठे द्राक्षांचे मांडव आणि माणूस हरवून जाईल इतका उंच ऊस. सकाळी या रस्त्याच्या कडेने मुली शाळेत जाताना दिसतात. पाठीवर दप्तर, हातात डबा. आठवीत पुष्कळ दिसतात. नववीतही दिसतात. दहावीनंतर मात्र त्यांतल्या काही जणी दिसेनाशा होतात. त्यांना अभ्यास जमत नव्हता, असे नाही. कॉलेज दूर होते, परतायला अंधार पडत होता, किंवा घरात कोणीतरी म्हणाले, “आता पुरे.”

पिंपळवंडीपासून थोड्या अंतरावर, नारायणगावच्या पूर्वेला खोडद नावाचे गाव आहे. तिथे शेतांच्या मधोमध प्रचंड मोठ्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. ही आहे ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’, म्हणजे एक महाकाय रेडिओ दुर्बीण. दुर्बीण हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. तो फारसीतून आला. ‘दूर’ म्हणजे लांब आणि ‘बीन’ म्हणजे पाहणारा. उर्दूतली दूरबीन मराठीत येऊन दुर्बीण झाली.

या दुर्बिणीला काचेचे भिंग नाही. तिच्या ३० तबकड्या आहेत. एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची, म्हणजे रेल्वेचे दोन डबे एकापुढे एक ठेवले तर जेवढी लांबी होईल, साधारण तेवढी. त्यांपैकी १४ तबकड्या सुमारे एक चौरस किलोमीटर जागेत जवळजवळ आहेत. बाकीच्या १६ तबकड्या इंग्रजी वाय या अक्षरासारख्या तीन दिशांना पसरल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमध्ये सुमारे २५ किलोमीटर अंतर पडते. तबकडीचा पृष्ठभाग पत्र्याचा नसून बारीक पोलादी तारांच्या जाळीचा आहे. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून तबकडी हलकी करता आली आणि खर्चही वाचला. ही युक्ती डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची.

तारे आणि दीर्घिका प्रकाशाप्रमाणेच रेडिओ लहरीही पाठवतात. डोळ्यांना त्या दिसत नाहीत. आपल्यापर्यंत येईतो त्या इतक्या क्षीण होतात की जवळपास एखादा मोबाईल फोन सुरू असला, तरी त्याच्या गोंगाटात त्या बुडून जातात. म्हणून तर ही दुर्बीण मोठ्या शहरात न बांधता डोंगरांच्या आडोशाला, शेतकऱ्यांच्या शेजारी बांधली. जुन्नरकरांना तबकड्यांची सवय फार जुनी आहे. याच तालुक्यातील आर्वी येथे १९७१ साली उपग्रहाद्वारे परदेशाशी संपर्क साधणारे केंद्र सुरू झाले होते.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. त्या निमित्ताने खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. आजूबाजूच्या शाळांतील मुले-मुली आपापले प्रयोग मांडतात आणि गावोगावचे लोक तबकड्या पाहायला येतात. हाच दिवस का, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले असेल. १९२८ साली याच तारखेला चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाशाविषयीचा आपला शोध जाहीर केला. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञान दिनाला आपण ज्यांची आठवण काढतो, तेच हे रामन.

आता त्याच रामन यांची एक दुसरी गोष्ट ऐका. ती विज्ञान दिनाच्या भाषणांत सहसा सांगत नाहीत.

गोष्ट १९३३ सालची. मुंबई विद्यापीठातून एक मुलगी रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाली. (उर्दूत तुम्ही रसायनशास्त्राला ‘कीमिया’ म्हणता. मराठीत ‘किमया’ म्हणजे जादू! शब्द एकच, घरे दोन.) मुलीचे नाव कमला भागवत. तिचा जन्म १९११ सालचा. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्र शिकलेले. ते बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकले होते, म्हणून कमलानेही तिथेच संशोधन करायचे ठरवले. परीक्षेत ती पहिली आली होती. प्रवेश मिळणार याविषयी शंका घ्यायला जागाच नव्हती. तिने अर्ज पाठवला.

अर्ज नामंजूर झाला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. कारण एकच होते. अर्ज करणारी मुलगी होती.

अशा वेळी तुम्ही काय केले असते? पुष्कळ जणी रडल्या असत्या आणि दुसरे काही शिकल्या असत्या. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. कमला मात्र सरळ बंगलोरला गेली. ती रामन यांच्यापुढे उभी राहिली आणि तिने विचारले, की मला प्रवेश का नाही? मुलगी आहे म्हणून नाही, एवढे एकच उत्तर तिला पटेना. ती परत जायला तयार होईना. शेवटी रामन यांनी तिला घेतले, पण तीन अटी घातल्या. अट म्हणजे तुमच्या उर्दूतली शर्त. पहिले वर्षभर तिला नियमित विद्यार्थिनी समजले जाणार नाही. काम पाहून संचालकांचे समाधान झाले तरच ते वर्ष धरले जाईल. मार्गदर्शक सांगतील तेव्हा तिने रात्री उशिरापर्यंत काम केले पाहिजे. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये.

तिसरी अट पुन्हा वाचा. परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाला ही अट कोणी घातली असती का?

कमलाला ही गोष्ट फार लागली. हा अपमान ती जन्मभर विसरली नाही आणि म्हातारपणीही तिने तो स्पष्ट बोलून दाखवला. पण त्या वेळी तिने अटी मान्य केल्या आणि कामाला लागली. श्रीनिवासय्या नावाचे चांगले गुरू तिला लाभले. दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा तिने अभ्यास केला. वर्ष संपले. रामन यांनी काम पाहिले आणि त्यांचे समाधान झाले. त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. रामन थोर शास्त्रज्ञ होते, यात वाद नाही. परंतु या बाबतीत ते चुकले होते, आणि ती चूक बावीस वर्षांच्या एका मुलीने आपल्या कामाने दाखवून दिली. मोठी माणसेही चुकतात, हे पाठ्यपुस्तकात लिहायला हरकत नसावी.

१९३६ साली एम. एस्सी. झाल्यावर कमला इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेली. सजीवांच्या पेशी ऑक्सिजनचा उपयोग करून शक्ती मिळवतात. या कामात ‘सायटोक्रोम सी’ नावाचे एक प्रथिन मदत करते. बटाट्यावर प्रयोग करताना कमलाला दिसले, की हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते. आपण ज्याची भाजी करतो तोच हा बटाटा! या संशोधनावर तिने प्रबंध लिहिला. तो अवघा ४० पानांचा होता. लांबलचक निबंध लिहिला म्हणजे जास्त गुण मिळतात असे समजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. १९३९ साली तिला पीएच. डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये तिचे नाव घेतात.

भारतात परतल्यावर त्यांनी दिल्लीला आणि कुन्नूरला काम केले. १९४७ साली विवाह झाला आणि कमला भागवत कमला सोहोनी झाल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी विद्यार्थी घडवले आणि गरिबांच्या खाण्यात येणाऱ्या पदार्थांवर संशोधन केले. ताडाच्या झाडापासून मिळणाऱ्या ताज्या रसाला नीरा म्हणतात. नीरेत कोणती जीवनसत्त्वे आणि किती लोह आहे, ते त्यांनी शोधून काढले. आदिवासी भागातील अशक्त मुलांना आणि गरोदर स्त्रियांना नीरेचा फायदा होतो, हे त्यांच्या कामातून दिसले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. पुढे त्या ग्राहकांच्या चळवळीत गेल्या. बाजारातील अन्नात भेसळ कशी ओळखावी, यावर त्यांनी ज्या मासिकात लेख लिहिले, त्याचे नाव होते ‘कीमत’. १९९८ साली त्यांचे निधन झाले. मराठीच्या प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. एका घरातून एक बहीण साहित्याकडे गेली आणि दुसरी विज्ञानाकडे. वडिलांनी दोघींनाही शिकू दिले.

कमलाबाईंना दार बंद मिळाले ते संस्थेचे. काही मुलींना ते त्याच्या पुष्कळ आधी, शाळेतच बंद मिळते. उत्तर आयर्लंडमधील जोसलिन बेल नावाच्या मुलीचे असेच झाले. विज्ञानाचा तास आला की मुलांना प्रयोगशाळेत पाठवत आणि मुलींना स्वयंपाक-शिवण शिकायला बसवत. जोसलिनच्या आईवडिलांनी शाळेत जाऊन तक्रार केली, तेव्हा तिला विज्ञानाच्या वर्गात बसू दिले. पुण्यातही काही वेगळे नव्हते. १९५२ साली जन्मलेल्या रोहिणी गोडबोले मुलींच्या ज्या शाळेत शिकल्या, तिथे सातवीपर्यंत विज्ञानाऐवजी गृहविज्ञान शिकवत. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत मात्र विज्ञान होते. रोहिणीने ते वेगळे शिकून परीक्षा दिली आणि शिष्यवृत्ती मिळवली. पुढे त्या मोठ्या भौतिकशास्त्रज्ञ झाल्या आणि बंगलोरच्या त्याच भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्या, जिथे कमलाला अटी घातल्या होत्या. २०२४ साली त्यांचे निधन झाले. भारतातील सुमारे शंभर स्त्री शास्त्रज्ञांच्या आठवणींचे पुस्तक त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर संपादित केले. २००८ साली निघालेल्या त्या पुस्तकाच्या नावात लीलावतीच्या मुली असा उल्लेख आहे. ‘लीलावती’ हा भास्कराचार्यांचा बाराव्या शतकातील गणिताचा ग्रंथ. त्यातली कितीतरी गणिते लीलावती नावाच्या मुलीला उद्देशून घातली आहेत. अकबर बादशहाच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ साली याच ग्रंथाचे फारसीत भाषांतर केले. तेव्हा लीलावतीची गणिते फारसी वाचणाऱ्यांच्याही घरात गेली.

जोसलिन बेलकडे पुन्हा वळू या, कारण तिचा आणि खोडदचा जवळचा संबंध आहे. केंब्रिजला ती रेडिओ दुर्बीण वापरायला गेली आणि आधी तिला ती बांधावीच लागली. दोन वर्षे तिने इतरांबरोबर खांब ठोकले, तारा ओढल्या, जोडण्या केल्या. मोठा हातोडा चालवायला ती तिथेच शिकली. दुर्बीण सुरू झाल्यावर रोज सुमारे ३० मीटर लांब कागदावर रेघा उमटत. तो सगळा कागद ती डोळ्यांखालून घाली. १९६७ साली तिला त्या रेघांमध्ये एके ठिकाणी थोडीशी वेगळी खूण दिसली. जागा इतकी लहान, की दुसऱ्या कोणी ती सोडून दिली असती. हा पृथ्वीवरचाच काहीतरी गोंगाट असेल, असे तिच्या गुरूंना वाटले. जोसलिनने ती सोडली नाही. तपासल्यावर दिसले, की आकाशातून दर १.३३ सेकंदांनी, घड्याळासारखा ठोका येतो आहे! स्वतःभोवती गरगर फिरणारा तो तारा होता. अशा ताऱ्यांना पल्सार म्हणतात, आणि तो माणसाने ओळखलेला पहिला पल्सार. या शोधाबद्दल १९७४ साली नोबेल पारितोषिक दिले गेले. ते मिळाले तिच्या गुरूंना. जोसलिनला नाही. २०१८ साली तिला दुसरे एक मोठे पारितोषिक मिळाले, तीस लाख डॉलरचे. तिने ती सर्व रक्कम, ज्यांना भौतिकशास्त्र शिकण्याची संधी सहज मिळत नाही अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकली.

आज खोडदच्या तबकड्या अशाच पल्सारांचा शोध घेतात. तिथे नवे पल्सार शोधणाऱ्या गटाचे नेतृत्व करणाऱ्या शास्त्रज्ञांमध्ये डॉ. भास्वती भट्टाचार्य या महिला आहेत. सूर्याचा अभ्यास करणारे आपले यान ‘आदित्य एल-१’ २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले. त्या प्रकल्पाच्या संचालक निगार शाजी. तमिळनाडूतील शेंगोट्टई या छोट्या गावच्या त्या, आणि शिक्षण तिथल्या सरकारी शाळेतले. त्याच यानावरील सूर्याची छायाचित्रे घेणारी एक दुर्बीण पुण्यातील ‘आयुका’ संस्थेने तयार केली आहे.

पण सगळे विज्ञान आकाशात नसते. पिंपळवंडीच्या मुलीला विचाराल, की तुला कशाची भीती वाटते, तर ती तारा म्हणणार नाही. ती बिबट्या म्हणेल.

बिबट्या उसात राहतो, हे जुन्नर-आंबेगावच्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. संध्याकाळी उसाच्या कडेने एकटीने यायचे नाही, असे आई बजावते. मुलाला सायकलवर धाडता येते. मुलीचा जादा तास मात्र आधी बंद होतो. म्हणजे बिबट्याचा प्रश्न हा मुलींच्या शिक्षणाचाही प्रश्न आहे. या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास ज्यांनी प्रथम नेटाने केला, त्यांत डॉ. विद्या अत्रेय या एका स्त्री शास्त्रज्ञाचे नाव पुढे येते, आणि त्यांच्या अभ्यासाची सुरुवात याच भागात झाली.

२००१ सालापासून जुन्नर भागात माणसांवरील हल्ले एकदम वाढले. लोक घाबरले, संतापले. बिबटे पिंजऱ्यात पकडून दूरच्या जंगलात सोडून द्यायचे, हा उपाय सर्वांना पटण्यासारखा होता. जंगली प्राणी जंगलात गेला, म्हणजे प्रश्न मिटला. तुम्हालाही असेच वाटले असते. विद्याताईंनी मात्र साधे काम केले. त्यांनी नोंदी मांडल्या. कुठे पकडला, कधी पकडला, कुठे सोडला, त्यानंतर हल्ले कुठे झाले? बिबट्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप बसवली जाऊ लागली. मग तोच बिबट्या पुन्हा सापडला, तर तो ओळखता येई.

नोंदींनी उलटेच सांगितले. १९९३ ते २००१ या काळात वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. बिबटे पकडून दुसरीकडे सोडणे मोठ्या प्रमाणावर सुरू झाल्यानंतर, २००१ ते २००३ या काळात, ही सरासरी १७ वर गेली. हल्ल्यात माणूस दगावण्याचे प्रमाणही वाढले. जो उपाय समजून केला, त्यानेच दुखणे वाढवले होते! असे का व्हावे? विचार करा. पकडलेला, घाबरलेला प्राणी अनोळखी जागी सोडला, की तो तिथे थांबत नाही. तो आपल्या घराकडे निघतो किंवा नव्या गावांजवळ भटकतो. इकडे त्याची रिकामी जागा दुसरा बिबट्या घेतो. हा अभ्यास २०११ साली एका आंतरराष्ट्रीय शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

एका बिबट्याची गोष्ट तर सिनेमासारखी आहे. त्यावर पुढे ‘आजोबा’ नावाचा मराठी चित्रपटही निघाला. पारनेर तालुक्यात एक नर बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढले, गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधला आणि २००९ साली माळशेज घाटात सोडले. तो म्हातारा, शांत स्वभावाचा वाटला म्हणून सगळे त्याला आजोबा म्हणू लागले. आजोबा चालत निघाले आणि सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचले. वाटेत गावे, रस्ते, रेल्वे. त्यांनी कुणालाही इजा केली नाही. बिबट्या जंगलातून चुकून गावात येतो, ही आपली समजूत होती. तो माणसांच्या शेजारीच राहतो, उसातच पिल्ले वाढवतो, कुत्री आणि शेळ्या खाऊन जगतो, हे अशा पट्ट्यांनी आणि नोंदींनी समजले. म्हणून आता रात्री गोठा पक्का बंद करा, उघड्यावर कचरा टाकू नका कारण कचऱ्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या, लहान मुलांना अंधारात एकटे सोडू नका, असे सांगतात.

प्रश्न सुटला का? नाही. २०२५ सालीही पुणे जिल्ह्याच्या या भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, लोक रस्त्यावर आले. ज्याच्या घरातले मूल गेले, त्याला नोंदवहीतली सरासरी सांगून उपयोग नसतो. त्याचा राग खरा आहे. उसाचे क्षेत्र वाढले, बिबटे वाढले, शेतमजुरांची घरे उसाला लागून आहेत. यावर काय करावे, याविषयी जाणकारांतही मतभेद आहेत. अजून किती तरी नोंदी करायच्या राहिल्या आहेत. त्या करायला जो कोणी येईल, त्याला या गावांची बोली, पाणी देण्याच्या वेळा, ऊसतोडीचा हंगाम, कोणत्या वाटेने पाऊलखुणा जातात, हे सगळे आधी शिकावे लागेल. पिंपळवंडीच्या मुलीला ते आताच माहीत आहे.

आता थोडे कामाचे बोलू. विज्ञान म्हणजे फक्त मोठे शास्त्रज्ञ, असे समजू नका. खोडदच्या दुर्बिणीला शास्त्रज्ञ लागतात, तसेच इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणारे, तबकडीचे यंत्र सांभाळणारे, संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारेही लागतात. दहावीनंतर आय. टी. आय. मध्ये एक किंवा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. पॉलिटेक्निकची पदविका तीन वर्षांची असते. आंबेगाव तालुक्यात अवसरी येथे सरकारी पॉलिटेक्निक आहे आणि सरकारी इंजिनियरिंग कॉलेजही आहे. तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी केंद्राची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती आहे. ती वर्षाला ५०,००० रुपये मिळते. घरचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपेक्षा जास्त असता कामा नये. अकरावीला विज्ञान शाखा घेतली, तर पुढे डॉक्टर, औषधनिर्माण, शेती, संशोधन अशा वाटा खुल्या राहतात.

उर्दू शाळेतल्या मुलींना आणखी एक धास्ती असते, ती भाषेची. पुढे सगळे इंग्रजीत किंवा मराठीत, आमचे कसे होणार? धास्ती खोटी नाही. पहिले काही महिने जड जातात. पण तुम्हाला वाटते तेवढे नवे शिकायचे नसते. तुम्ही ज्याला ‘नूरी साल’ म्हणता, तेच मराठीत प्रकाशवर्ष. नूर म्हणजे प्रकाश, साल म्हणजे वर्ष. कल्पना तुमच्या डोक्यात आधीच बसलेली आहे. तिच्यावर नवी चिठ्ठी चिकटवायची, एवढेच. वहीच्या शेवटच्या पानांवर तीन रकाने आखा : उर्दू, मराठी, इंग्रजी. रोज पाच शब्द लिहा. वर्षभरात ती वही विकत न मिळणारा शब्दकोश होईल.

आणि मुलांनो, हा पाठ मुलींसाठी आहे असे समजून तुम्ही पान उलटू नका. बहिणीला कॉलेजच्या बसपर्यंत पोचवायला कोण जाणार, रात्रीची भांडी कोण घासणार, एकुलत्या टेबलावर परीक्षेच्या दिवसांत कोण बसणार, या गोष्टी तुमच्याच घरात ठरतात. जोसलिनचे आईवडील शाळेत गेले, कमलाच्या वडिलांनी तिला बंगलोरला जाऊ दिले. एकटीच्या जिद्दीवर सगळे होत नाही.

दहावीचा निकाल लागला की हातात पुढच्या प्रवेशाचा अर्ज येतो. त्यात खाली पालकांच्या सहीची जागा असते. अब्बूंकडे तो अर्ज नेण्याआधी एका कागदावर काही गोष्टी लिहून काढा. कॉलेज किती लांब आहे? बस किती वाजता सुटते आणि परत किती वाजता येते? फी किती आणि शिष्यवृत्ती किती? गावातली आणखी कोण मुलगी त्याच बसने जाते? वसतिगृह आहे का? शाळेतल्या मॅडमना विचारा, कॉलेजात फोन करून विचारा. घरात “नाही” म्हणणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा मुलीच्या हुशारीविषयी शंका नसते. त्याला अंधाराची, पैशांची आणि लोक काय म्हणतील याची काळजी असते. पहिल्या दोन गोष्टींची उत्तरे कागदावर देता येतात. तिसरीसाठी अम्मीला, दादीला, खालाला आधी आपल्या बाजूला घ्या. कमलालाही पहिल्या दिवशी होकार मिळाला नव्हता. तिलाही पुन्हा जाऊन विचारावे लागले होते.

स्वाध्याय

१. रामन यांनी कमला भागवत यांना कोणत्या तीन अटी घातल्या? त्यांपैकी कोणती अट तुम्हाला सर्वांत अन्यायाची वाटते? का?

२. बिबटे पकडून दूर सोडल्यावर हल्ले कमी होण्याऐवजी का वाढले, ते तुमच्या शब्दांत पाच-सहा वाक्यांत लिहा.

३. दुर्बीण, अर्ज, तारीख, जिद्द, किमया हे शब्द उर्दूत कसे लिहितात? दोन्ही भाषांत त्यांचा अर्थ सारखाच आहे का?

४. उपक्रम : घरातील किंवा शेजारच्या तीन स्त्रियांना विचारा, की त्यांची शाळा कोणत्या इयत्तेत सुटली आणि का सुटली. त्यांची उत्तरे मराठीत लिहून वर्गात वाचून दाखवा. नावे लिहू नका.